बोर्डात जागा होते, तारेची ताकद वाढत नाही

जत : उन्हाळ्याची चाहूल लागली की जतसारख्या अवर्षणप्रवण भागात वायरमनची मागणी वाढते. कूलरच्या जागी एसी येतो, बोअरच्या मोटरला स्वतंत्र जोडणी हवी असते, स्वयंपाकघरात इंडक्शन शेगडी आलेली असते. घरातील वितरण बोर्ड मात्र बांधकामाच्या वेळचाच, चार-सहा एमसीबींचा. जागा संपली की उपाय ठरलेला. नवी तार जुन्याच एमसीबीच्या स्क्रूखाली कसायची, आणि तो वारंवार पडू लागला की १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवायचा.

खरा धोका या दुसऱ्या पायरीत आहे. एमसीबी यंत्राचे रक्षण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तो भिंतीतील तारेचा राखणदार असतो. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो, तेवढ्याच शक्तीची शेगडी आणखी ९, दीड टनाचा एसी सुमारे ७. बेरीज २५. पाइपातून गेलेली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हा भार फार काळ सोसू शकत नाही. क्षमतेच्या १.४५ पट प्रवाह गेल्यास एमसीबीने तासाभरात पडलेच पाहिजे, असे मानक सांगते. म्हणजे १६ चा पडला असता. ३२ चा पडत नाही, कारण त्याच्या लेखी काहीच बिघडलेले नसते. तारेचे वेष्टण आतल्या आत भाजत राहते.

अमेरिकेत जागेच्या टंचाईवर 'टँडेम' ब्रेकर वापरतात. एका खाचेत दोन ब्रेकर बसतात. पण प्रत्येकाची तार वेगळी, क्षमता वेगळी. शिवाय उत्पादकाने परवानगी दिलेल्या खाचेतच ते बसवता येतात. १९६५ पासून तेथील विद्युत संहितेने बोर्डावर तसे बंधन घातले. आपल्याकडची एका स्क्रूखाली दोन तारांची पद्धत म्हणजे या युक्तीची निव्वळ नक्कल. तिच्यातील सुरक्षितता तेवढी वगळलेली!

मुळात बोर्डात जागा झाली म्हणून सर्व्हिस वायर किंवा मीटरची क्षमता वाढत नाही. त्यासाठी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, आणि हीच पायरी सर्रास गाळली जाते. नव्या जोडणीच्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. पुढील वीस वर्षांत घरात काय जोडले गेले, हे पाहण्यास प्रत्यक्षात कोणी येत नाही. विजेचा धक्का बसल्यास एमसीबी पडेल, ही आशाही फोल आहे. ते काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे, आणि जुन्या बोर्डांत त्यासाठीही जागा उरलेली नसते.

मोठा बोर्ड आणि एसी-गिझरसाठी थेट तेथून स्वतंत्र तार, हा मार्ग खर्चाचा वाटतो. परंतु जुन्या घरांत ॲल्युमिनियमची तार असेल, तर दुसरा मार्गच नाही. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत ती कमी प्रवाह वाहते आणि स्क्रूखाली कालांतराने सैल पडते.