उपकार की अधिकार?

गोव्यातील जुन्या पिढीला ‘पोसकें’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. गरीब वा अनाथ मूल एखाद्या सधन घरी आणावयाचे, त्यास अन्नवस्त्र द्यावयाचे आणि त्याच्याकडून घरातील पडेल ते काम करून घ्यावयाचे, अशी ती रीत. ‘आम्ही हिला पोसले’ असे घरधनी अभिमानाने सांगत. त्यांची दया खोटीच होती, असे मी म्हणणार नाही. परंतु ‘तिला शाळेत का घातले नाही?’ असे विचारण्याचा अधिकार त्या मुलीला नव्हता. उपकाराची मर्यादा ती हीच. तो देणाऱ्याच्या मर्जीवर चालतो.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया व जर्मनी या देशांची नाकेबंदी चालूच राहिल्याने तेथील बालकांची उपासमार होऊ लागली. १९१९ साली एग्लंटाइन जेब या इंग्रज विदुषीने भुकेल्या मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वाटली. सरकारी परवानगीवाचून ती वाटल्याबद्दल त्यांना अटक होऊन पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांच्यासह ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ स्थापिला. मात्र त्या केवळ निधी गोळा करून थांबल्या नाहीत. बालकांच्या हक्कांचा पाच कलमांचा जाहीरनामा त्यांनी रचला व १९२४ साली राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. शत्रूचे मूलही मूलच, आणि त्याचे रक्षण हे मानवजातीवरील ऋण आहे, ही त्यामागील दृष्टी होय.

पुढे १९५९ साली संयुक्त राष्ट्रांनी दहा तत्त्वांचा नवा जाहीरनामा काढला, आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी चौपन्न कलमांचा बालहक्क करार संमत केला. जाहीरनामा ही सदिच्छा असते, करार हे बंधन असते. भारताने हे बंधन १९९२ साली पत्करले. या कराराचे बत्तिसावे कलम बालकाला आर्थिक पिळवणुकीपासून संरक्षण देते, तर एकतिसावे त्याचा खेळण्याचा व विश्रांतीचा हक्क मान्य करते. बालमजुरीच्या अत्यंत घातक प्रकारांविरुद्ध आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९९ साली केलेला करार २०२० पर्यंत तिच्या सर्व सभासद राष्ट्रांनी मान्य केला.

‘कागदाने पोट भरते काय?’ असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर आहे. २००० साली जगात बालमजुरांची संख्या सुमारे २४.६ कोटी होती, २०२४ साली ती सुमारे १३.८ कोटींवर आली. कागदाला शाळेची व सरकारी यंत्रणेची जोड मिळाली, तेथे मुले कामावरून वर्गात आली. परंतु २०२५ पर्यंत बालमजुरी समूळ नष्ट करण्याचा जगाचा संकल्प सिद्धीस गेला नाही, हेही तितकेच खरे.

तो का गेला नाही, याचे एक कारण आपल्या उंबरठ्याच्या आत सापडेल. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास वा खानावळीत ठेवण्यास आपल्या देशात २००६ सालापासून बंदी आहे. गोव्याने तर २००३ सालीच स्वतंत्र बालक कायदा करून बालकांसाठी निराळे न्यायालय योजिले. तरीही ‘गरिबाची पोर आहे, दोन घास खाईल’ हे वाक्य आजही कानी पडते. शाळा सुटल्यावर आईला भांडी घासू लागणे ही मजुरी नव्हे, ते घराचे संस्कार होत, आणि कायद्यालाही ते मान्य आहे. परंतु दुसऱ्याच्या मुलीने शाळेच्या वेळी आपली भांडी घासावी आणि त्याला आपण दया म्हणावे, हा आत्मवंचनेचा प्रकार होय.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वयाचे मूल कोठे राबताना दिसले, तर त्याला खाऊ देऊन समाधान मानू नका. ते शाळेत का नाही, हे घरी व शाळेत वडीलधाऱ्यांना विचारा, आणि प्रसंगी १०९८ या क्रमांकावर कळवा. वडीलधाऱ्यांनीही त्या प्रश्नाने रागावू नये. ‘पोसकें’ म्हणून वाढलेल्या मुलीला जो प्रश्न विचारता आला नाही, तो आज तिच्या वतीने तुम्ही विचारीत असाल.