घरच्या घरी : गाडीचा रंग



दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतोच. त्याआधी ती आरशासारखी चमकवायची हौसही येते. पण पॉलिशने ओरखडा भरत नाही. रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो बहुधा ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहून पातळ. पॉलिश हाच थर घासून सपाट करते. इथल्या कडक उन्हापासून रंगाला वाचवणाराही तोच. तो संपला की पापुद्रे सुटतात आणि नवा रंगच द्यावा लागतो.

म्हणून आधी ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकले तर ओरखडा खोल आहे, घासत बसू नका. अडकले नाही तर गाडी धुऊन, सावलीत, पत्रा गार असताना सगळ्यात सौम्य पॉलिश वीतभर जागेवर करून पाहा. तेवढ्याने भागले तर तिथेच थांबा. शेवटी वॅक्स लावा.

पॉइंट कुकच्या गटारांचे पाणी अखेर समुद्रालाच मिळते, तेव्हा गाडी हिरवळीवर धुवा. आणि पूजेचे हळदकुंकू कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी पाणी सोडा. नव्या ओरखड्यांची सुरुवात तिथूनच होते.