फोल्डरच्या नकला पुरेत



घरी बसून एकट्याने प्रोग्रामिंग करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या संगणकात ‘बिल’, ‘बिल नवे’, ‘बिल फायनल’, ‘बिल खरे फायनल’ असे फोल्डर हमखास सापडतात. माझ्याकडेही होते. एकदा चुकून जुन्या फोल्डरवर काम करून दुकानदाराला दिले. आधीची दुरुस्ती गेली, दोन रात्री तेच पुन्हा लिहिले. मजुरी अर्थातच एकदाची!

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केलेले ‘गिट’ फुकट मिळते. आधी सगळ्या फोल्डरांची एक प्रत बाजूला ठेवा. मग नवा रिकामा फोल्डर करून त्यात ‘गिट इनिट’ ही आज्ञा द्या. सर्वांत जुन्या फोल्डरमधील फायली त्यात टाकून ‘गिट ॲड’, मग ‘गिट कमिट’ करा. नंतर त्या फायली काढून पुढच्या फोल्डरमधल्या टाका, पुन्हा ‘गिट ॲड’ आणि कमिट. फक्त ‘.गिट’ नावाच्या लपलेल्या फोल्डरला हात लावू नका. सारा इतिहास तिथेच असतो. कमिटसोबत काय बदलले, का बदलले, हे मराठीतही लिहिता येते.

पासवर्डच्या फायलीचे नाव पहिल्या कमिटआधीच ‘.गिटइग्नोर’मध्ये घाला. एकदा नोंदीत गेलेला पासवर्ड फाईल पुसली तरी जुन्या नोंदीत राहतो. आणि हा इतिहास त्याच डिस्कवर असतो, तेव्हा पेनड्राईव्हवर वेगळी प्रत हवीच.