उन्हाची किंमत कोणी मोजायची?

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या कातडीच्या, समुद्रकिनाऱ्यावर पहुडणाऱ्या सुखवस्तू लोकांचा रोग होय, अशी समजूत श्रमिकांच्या चळवळीतही रूढ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अंदाजांनी या समजुतीला धक्का दिला. २०१९ साली जगातील १६० कोटी माणसे उघड्यावर राबताना सूर्याचे अतिनील किरण अंगावर घेत होती. काम करण्याच्या वयाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा २८ भरते. मेलानोमा हा प्रकार वगळता त्वचेच्या इतर कर्करोगांनी होणाऱ्या दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ एक मृत्यू उन्हातल्या कामामुळे ओढवलेला होता. २००० साली असे सुमारे १०,००० मृत्यू झाले. २०१९ साली ही संख्या १९,००० च्या घरात गेली. हे बळी शेतात, रस्त्यावर, इमारतींच्या परातींवर आणि मासेमारीच्या होड्यांवर राबणाऱ्यांचे आहेत.

कारण अज्ञात आहे असेही नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा करतात. ही इजा वर्षानुवर्षे साठत जाते व अखेर कर्करोगाचे रूप घेते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच सूर्यकिरणांना कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून मान्यता दिली. प्रश्न विज्ञानाचा उरलेला नाही. तो मालकाच्या जबाबदारीचा व शासनाच्या इच्छेचा आहे.

व्यवसायामुळे होणारा पहिला कर्करोग वैद्यकाने ओळखला तोही त्वचेचाच. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या नशिबी येणाऱ्या कर्करोगाचे मूळ काजळीत आहे हे दाखवून दिले. कारण कळले, तरीही लहान मुलांना धुराड्यात चढविण्याची प्रथा प्रत्यक्षात बंद पाडणारा कायदा इंग्लंडात यावयास १८७५ साल उजाडले. ज्ञान आणि कायदा यांच्यातील ते शंभर वर्षांचे अंतर गरिबांच्या मुलांनी आपल्या शरीराने भरून काढले.

उन्हाच्या बाबतीत तेच घडत आहे. युरोपीय समुदायात किरणांपासून कामगारांचे संरक्षण करणारा निर्देश तयार होत असता मूळ मसुद्यात सूर्यप्रकाशाचाही समावेश होता. मद्यगृहांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या पोशाखावर आता निर्बंध येणार, अशी हेटाळणी वृत्तपत्रांनी चालविली आणि २००५ साली युरोपीय संसदेने सूर्य त्यातून वगळला. २००६ चा निर्देश केवळ कृत्रिम किरणांपुरता उरला. याउलट जर्मनीने २०१५ पासून उन्हातल्या कामाने होणाऱ्या त्वचेच्या एका प्रमुख कर्करोगास व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली, आणि गवंडी, छप्पर घालणारे व शेतमजूर यांना उपचाराचा व भरपाईचा हक्क मिळाला. उन्हावर बंदी घालता येत नाही हे खरे. परंतु कोणी, किती वेळ व कोणत्या अटींवर उन्हात राबावे हे माणसेच ठरवितात.

भारताच्या बाबतीत अतिशयोक्तीचे कारण नाही. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य मोठे संरक्षण देते व ऑस्ट्रेलियाच्या मानाने येथे हा रोग पुष्कळच विरळा आहे. पण विरळा म्हणजे नाहीसा नव्हे. सावळ्या त्वचेवरील रोग उशिरा ध्यानात येतो. आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम, वाढत जाणारा खरखरीत चट्टा किंवा रूप बदलणारा तीळ याकडे मजूर लक्ष देत नाही, कारण दवाखान्याची फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या माणसांना तर ऊन हे रोजचेच संकट आहे. शिवाय ज्या उन्हाने हा रोग होतो त्याच उन्हाने उष्माघात होतो, मोतीबिंदूही बळावतो.

कायद्याची दृष्टी मात्र अर्धीच उघडी आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत डांबर, खनिज तेल इत्यादींमुळे होणारा त्वचेचा कर्करोग आला. हिमप्रदेशातील हिमांधत्वही आले. उन्हामुळे होणारा कर्करोग नावानिशी आला नाही. वैशाखाच्या दुपारी रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या मजुराच्या अंगावर दोन्ही कारणे एकाच वेळी कोसळत असतात. कायद्याला त्यांतले एकच दिसते.

या रिकाम्या जागेत बाजार शिरला आहे. ऊन म्हणजे रंग काळवंडण्याची भीती, आणि संरक्षण म्हणजे गोरेपणाचे आश्वासन देणारी महागडी नळी, असे समीकरण जाहिरातींनी रुजविले. मलम निरुपयोगी आहे असे नव्हे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर गावी १९९२ पासून साडेचार वर्षे चाललेल्या प्रयोगात रोज मलम लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. परंतु तेथे ते मलम लोकांना फुकट मिळत होते. ज्यांना त्याची खरी निकड आहे त्यांना, विशेषतः रंगद्रव्य नसलेल्यांना, ते सरकारी दवाखान्यातून विनामूल्य मिळाले पाहिजे.

ऊन टाळावे हे मजुराला कोणी शिकविण्याची गरज नाही. ऊस तोडणारी बाई साडीवर पुरुषी सदरा चढवते, डोक्याला फडके बांधते. शेतकरी मुंडासे गुंडाळतो. उणीव आहे ती सावलीची व सावलीत बसण्याच्या मोबदल्याची. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामावर पाणी, प्रथमोपचार, मुलांसाठी व विश्रांतीसाठी सावली या सोयी लिहिल्या गेल्या. तथापि टनावर किंवा घनफुटावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला विश्रांती परवडत नाही. सावलीत काढलेला प्रत्येक तास त्याच्या भाकरीतून वजा होतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरचे काम कायद्याने बंद व्हावे आणि त्या वेळेची मजुरी कापली जाऊ नये. संयुक्त अरब अमिरातीत, जेथे कामगारांना संघटना बांधण्याचाही हक्क नाही, तेथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन असे काम बंद असते. लोकशाही देशाला ते अशक्य असू नये. रुंद काठाची टोपी व पूर्ण बाह्यांचे सुती कपडे मालकाने पुरवावेत. उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग भरपाईच्या यादीत यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्वचेची तपासणी व्हावी.

बांधकाम, ऊसतोड आणि मिठागर कामगारांच्या संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात वेतनवाढीच्या शेजारीच ही कलमे लिहिली पाहिजेत. उन्हाळा दरवर्षी येतो. मागणीपत्र त्याच्या आधी तयार असले पाहिजे.