वार टाकून देऊ नका

संशोधनासाठी पाळलेल्या माकडांत एखाद्या मादीचा गर्भ गेला की नोंदवहीत ‘ताणामुळे’ असा शेरा सहज पडतो. ताणाने गर्भ जातोही. पण जंतुसंसर्ग नाही याची खात्री केल्याशिवाय तो शेरा लिहिणे आपल्या व्यवसायाला शोभत नाही.

लिस्टेरिया मोनोसायटोजेनिसचेच पाहा. दूषित चाऱ्यातून, माती लागलेल्या भाजीतून तो पोटात जातो. फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. मादी वरवर ठीक दिसते, पण जंतू वारेतून गर्भात शिरतो आणि पिलाच्या यकृतावर बारीक पांढुरके ठिपके उठतात. शिगेलासारखे हगवणीचे जंतूही मकाक माकडांत गर्भपात घडवतात. विषाणूंच्या बाबतीत आईची तब्येत किती फसवी ठरते, हे झिकाने दाखवले. अमेरिकेतील प्रायमेट संशोधन केंद्रांची एकत्रित माहिती २०१८ साली प्रसिद्ध झाली. गरोदरपणाच्या सुरुवातीला प्रयोगासाठी झिकाची लागण केलेल्या माद्यांपैकी २६ टक्के माद्यांचे गर्भ दगावले होते. त्या माद्यांत आजाराची लक्षणे मात्र फारशी नव्हती.

खरी अडचण पुराव्याची आहे. ऱ्हीसस मादी बहुधा रात्री विते आणि वार खाऊन टाकते. म्हणून विण्याच्या हंगामात पहाटेची फेरी चुकवू नये. ऱ्हीससच्या वारेला सहसा दोन चकत्या असतात. नमुने दोन्हींतून घ्यावेत. जंतुसंवर्धनाचा नमुना आधी घ्यावा, फॉर्मॅलिन नंतर. लिस्टेरियाचा संशय असेल तर सेफॅलोस्पोरिनवर विसंबू नये, तो त्यांना दाद देत नाही, अँपिसिलिन वापरावे. हे जंतू माणसालाही बाधतात. हातमोजे आणि मुखपट्टी हवीच, आणि गरोदर सहकाऱ्यांना हे काम देऊ नये.

एवढा खटाटोप कशासाठी? ऱ्हीसस मादी सुमारे १६५ दिवस गर्भ वागवते. औषधाच्या चाचणीत संसर्ग नजरेआड राहिला, तर निर्दोष औषधावर ठपका येतो किंवा सदोष औषधाचा दोष झाकला जातो. दोन्ही वेळा त्या मादीने सोसलेले वाया जाते, आणि चुकीच्या निष्कर्षाची किंमत गरोदर स्त्रिया मोजतात.

म्हणून आमची विनंती एकच: यापुढे गेलेला प्रत्येक गर्भ आणि हाती लागलेली प्रत्येक वार तपासणीला पाठवा. ‘कारण अज्ञात’ हा शेरा त्यानंतरच लिहा.