विश्लेषण : जुन्या ड्रायव्हरसाठी संगणकाचे सुरक्षा कवच काढावे का?

विंडोज १० साठीची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यानंतर विंडोज ११ कडे वळलेल्या अनेकांना एकच अडचण येते. संगणक नवा, पण त्याला जोडलेला प्रिंटर, स्कॅनर किंवा बोटांचे ठसे घेणारे यंत्र जुने. यंत्र चालवायचे तर संगणक सुरक्षा सेटिंग बंद करायला लावतो आणि सेटिंग सुरू ठेवली तर यंत्र चालत नाही. हा पेच का निर्माण होतो आणि तो कसा सोडवायचा, याचा आढावा.

अनसिंगसारख्या गावात हा प्रश्न महत्त्वाचा का?

वाशिम-पुसद मार्गावरील अनसिंग हे वाशिम तालुक्यातील मोठे गाव. अशा गावांत उत्पन्नाचा व जातीचा दाखला, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, आधारवरून पैसे काढणे ही कामे सेवा केंद्रातील एक-दोन संगणकांवर चालतात. यंत्र बंद पडले की आसपासच्या खेड्यांतून आलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते, शिवाय पुन्हा हेलपाटा पडतो.

त्यामुळे काम सुरू ठेवण्याची घाई समजण्यासारखी आहे. पण याच संगणकात शेकडो लोकांची आधार कार्डे, बँक पासबुके आणि सातबारे स्कॅन होऊन पडलेले असतात. घरच्या संगणकावर सुरक्षा सेटिंग बंद केली तर जोखीम एका कुटुंबाची असते. सेवा केंद्रात ती अख्ख्या पंचक्रोशीची होते.

ड्रायव्हर म्हणजे काय?

संगणक आणि यंत्र यांच्यातील दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. प्रिंटरला ‘हे पान छाप’ किंवा ठसायंत्राला ‘बोट वाच’ हा निरोप त्याच्यामार्फत जातो. यासाठी अनेक ड्रायव्हर संगणकाच्या सर्वांत आतल्या भागात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये चालतात. तिथे पोहोचलेल्या प्रोग्रामला जवळपास सगळे अधिकार मिळतात. अँटिव्हायरसही त्याच्यापुढे हतबल ठरू शकतो.

कर्नलमधील एक चूक किती महागात पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो हल्ला नव्हता, केवळ चूक होती.

‘मेमरी इंटिग्रिटी’ काय करते?

विंडोज सिक्युरिटी या अ‍ॅपमध्ये ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ आणि त्याखाली ‘कोअर आयसोलेशन’ असा विभाग असतो. मेमरी इंटिग्रिटी हे त्यातलेच एक बटण. नव्या विंडोज ११ संगणकांत ते बहुतेक वेळा आधीच सुरू असते.

तिचे काम समजण्यासाठी फेरफाराचे उदाहरण घेता येईल. तलाठी फेरफार नोंदवतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. नोंद करणारा आणि मंजुरी देणारा एकच असेल तर खोटी नोंद पकडणार कोण? मेमरी इंटिग्रिटी हाच नियम संगणकाला लावते. कर्नलच्या मेमरीतील एखाद्या भागात लिहिता येईल किंवा तिथला कोड चालवता येईल, दोन्ही एकाच वेळी नाही. कोडची तपासणीही कर्नलपासून वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात होते.

जुने ड्रायव्हर हा नियम येण्यापूर्वीचे आहेत. त्यातील काही ड्रायव्हर मेमरीचा एकच भाग लिहिण्यासाठी आणि चालवण्यासाठी मागतात. खटका उडतो तो इथेच.

हा संघर्ष कसा ओळखायचा?

तो दोन प्रकारे समोर येतो. मेमरी इंटिग्रिटी आधीच सुरू असेल तर जुना ड्रायव्हर अडवला जातो आणि ‘हा ड्रायव्हर या संगणकावर लोड होऊ शकत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना दिसते. याउलट, जुना ड्रायव्हर संगणकात आधीपासून असेल तर मेमरी इंटिग्रिटी सुरूच होत नाही. तिथे ‘इनकंपॅटिबल ड्रायव्हर्स’ची यादी दाखवली जाते.

गंमत म्हणजे या यादीतील यंत्र अनेकदा वापरातही नसते. पूर्वी कधी तरी जोडलेल्या हार्ड डिस्कचा किंवा भंगारात गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर तसाच राहून जातो. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या हार्ड डिस्कसोबत आलेला, विंडोज ८ पूर्वीचा ड्रायव्हर हे याचे नेहमी आढळणारे उदाहरण आहे.

सेटिंग बंद केली तर बिघडते काय?

हल्लेखोर खोटा ड्रायव्हर बनवत बसत नाहीत. नामांकित कंपनीची डिजिटल सही असलेला, पण त्रुटी असलेला खरा ड्रायव्हर ते सोबत आणतात. सही खरी असल्याने तो आत शिरतो आणि त्याच्या त्रुटीतून हल्लेखोर कर्नलमध्ये पोहोचतो. ‘रॉबिनहूड’ या खंडणीखोर व्हायरसने गिगाबाइट कंपनीचा जुना ड्रायव्हर वापरून आधी अँटिव्हायरस बंद पाडल्याचे सोफोस या कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये उघड केले. त्या ड्रायव्हरमधील त्रुटी २०१८ पासून माहीत होती.

आधारसाठीच्या नव्या ‘एल १’ श्रेणीच्या यंत्रांत बोटाचा ठसा यंत्रातच कूटबद्ध होतो. त्यामुळे ठसा चोरणे अवघड जाते. पण त्याच संगणकावर टाइप केलेला पासवर्ड आणि ओटीपी, तसेच स्कॅन केलेली कागदपत्रे यांना ते संरक्षण मिळत नाही.

मग उपाय कोणता?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी यादी उघडून ड्रायव्हर कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या यंत्राचा आहे ते पाहावे.

१. यंत्र वापरात असेल तर अद्यतन करा. विंडोज अपडेटमधील ‘ऑप्शनल अपडेट्स’ तपासावेत. तिथे नसेल तर उत्पादक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच नवा ड्रायव्हर घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणारी फुकट सॉफ्टवेअर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फाइल टाळाव्यात.

२. यंत्र वापरात नसेल तर ड्रायव्हर काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडल्यावर न जोडलेली यंत्रेही दिसतात. संबंधित यंत्रावर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडताना ड्रायव्हरही काढण्याच्या चौकटीवर खूण करावी. यंत्र तिथेही दिसत नसेल तर विंडोजमधील ‘पीएनपीयूटिल’ या आज्ञेने ड्रायव्हर काढता येतो. ते काम जाणकाराकडून करून घ्यावे. त्याआधी ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करावा.

३. संगणक रीस्टार्ट करून मेमरी इंटिग्रिटी सुरू करा. त्याच पानावरील ‘मायक्रोसॉफ्ट व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट’ ही सोयही सुरू असल्याची खात्री करावी. धोकादायक ठरलेल्या ड्रायव्हरांची ही यादी विंडोज ११ च्या २०२२ मधील अद्यतनापासून आपोआप लागू आहे.

४. नवा ड्रायव्हरच नसेल तर यंत्र बदला. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात येते. त्यामुळे ३२ बिटचे जुने ड्रायव्हर त्यावर चालतच नाहीत. तिथे सेटिंग बंद करूनही उपयोग होत नाही.

नवे यंत्र लगेच घेणे शक्य नसेल तर जुने यंत्र वेगळ्या, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर चालवता येते. स्कॅनर किंवा प्रिंटरबाबत हे जमते. ठसायंत्राला मात्र आधारच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागते, त्यामुळे तिथे यंत्र बदलण्याला पर्याय उरत नाही.

नागरिकांनी काय करावे?

केंद्राच्या संगणकातील सेटिंग ग्राहकाला दिसत नाही. पण काम झाल्यावर स्कॅन केलेली कागदपत्रे पुसण्यास सांगता येते. व्यवहार नसताना आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येते. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ही सोय मोफत आहे. खात्यातून पैसे गेल्यास १९३० या हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी.

पुढे काय?

जुन्या यंत्रांसाठी सुरक्षा सैल होण्याची शक्यता कमीच आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अद्यतनात मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबतच येणारा एक जुना मोडेम ड्रायव्हर थेट काढून टाकला. त्यावर अवलंबून असलेले फॅक्स मोडेम बंद पडतील, हे कंपनीने स्पष्टपणे सांगितले. म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या ड्रायव्हरलाही कंपनीने सवलत दिली नाही.

काही हजार रुपयांचे यंत्र वाचवण्यासाठी सेटिंग बंद करण्याचा निर्णय केंद्रचालक एकटा घेतो, पण त्याची किंमत त्या संगणकावर कागद ठेवून गेलेल्या प्रत्येकाला मोजावी लागू शकते. म्हणूनच नवा संगणक घेताना किंवा विंडोज बदलताना, प्रत्येक यंत्राचा नवा ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे आधी तपासणे सर्वांत स्वस्त पडते.