खरी भूतदया

महाड आणि पोलादपूर ही गावे समुद्रकाठची नव्हेत. तेथील मुलांचा समुद्रातील जखमी कासवाशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर व महाड यांवरून वाहत जाऊन हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामध्ये समुद्रास मिळते. बाणकोटजवळच वेळास हे गाव आहे. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांच्या साहाय्याने त्या अंड्यांचे रक्षण आरंभिले. एका नदीने जोडलेले हे शेजारी परके कसे म्हणावेत?

या कासवांवर अनेक संकटे येतात. तुटून वाहत आलेल्या जाळ्यात त्यांचे वल्ह्यासारखे पाय अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत दोर मांसात रुततो. प्लॅस्टिकची पिशवी जेलीफिश समजून गिळली जाते. पावसाळ्यात अशी दुबळी कासवे लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पडतात. तेव्हा दयाळू माणसे त्यांना पुन्हा पाण्यात ढकलतात. हेतू चांगला, पण कृती घातक! कासव म्हणजे मासा नव्हे. ते फुप्फुसांनी श्वास घेते. थकलेल्या कासवाला डोके वर काढता आले नाही, तर ते पाण्यातच गुदमरते. त्याला सावलीत ठेवून वनखात्यास कळविणे, हीच खरी मदत होय.

पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे अशा कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. फुप्फुसाच्या विकाराने कित्येकदा कासव नुसते तरंगत राहते. त्याला बुडी मारता येत नाही, आणि बुडी मारता आली नाही तर समुद्रात पोटभर अन्न मिळत नाही. म्हणून ते आपण होऊन तळाशी जाऊ लागले व खाऊ लागले, म्हणजे घरी जाण्यास योग्य झाले असे समजावे. एक पाय गमावलेले कासवही सरावाने पोहू लागते.

एका कासवासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप काही जण घेतात. पण हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते, असे जाणकार मानतात. मग जे वाचले, ते किती मोलाचे! दुसरे कोणी म्हणतात, की एवढी माया केल्यावर त्याला हौदातच का ठेवू नये? तेथे अन्न आहे, भय नाही. हा विचार वरवर गोड वाटतो. परंतु २०२३ साली गुहागरहून, पाठीवर उपग्रहाला खुणा पाठविणारे यंत्र बसवून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. ज्याचे अंगण एवढे विस्तीर्ण, त्याला हौद कसा पुरावा? ज्याची शुश्रूषा केली, त्याला आपली गरज उरू नये अशी इच्छा धरणे, हीच खरी भूतदया.

याहून सोपी भूतदया महाडच्या मुलाला आपल्या गावातच करता येईल. कासवाची जखम भरून येण्यास महिने लागतात. सावित्रीत पिशवी न टाकण्यास क्षणही लागत नाही.